एकच खाच

तापकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे वायरींच्या वेटोळ्यांवरून पाय उचलत जावं लागतं,
इम्तियाजने काउंटरवर दोन खोकी ठेवली
आणि चहा सांगितला.
म्हणजे वेळ लागणार हे त्यालाही ठाऊक.

"हे कार्ड. पीसीच्या पोटात बसतं.
डिशची वायर थेट मागून आत, मध्ये कोणी नाही.
आणि हा डबा. राउटरशेजारी ठेवायचा,
जो मागेल त्याला चॅनल देतो,
हॉलमध्ये, आतल्या खोलीत, मोबाइलवर."
मग जरा आवाज खाली आणून,
"कार्ड एकाचं असतं, मॅडम. डबा घराचा."

मी वही काढली.
गुरुवारी लाइट जाते, मग रेकॉर्डिंगचं काय?
मे महिन्यात आमची पेटी पोळते, त्यात हे आणखी तापणार का?
दोघांना दोन चॅनल हवे असले तर?
"डब्यात दोन ट्यूनर आहेत, भांडण होणार नाही."
भांडणं ट्यूनरवरून होत नाहीत, मी म्हटलं.
तो हसला नाही. हिशेब करत होता.
कार्ड बाराशेनं स्वस्त.
मी कार्ड घेतलं.

धनकवडीला पोचेपर्यंत
पिशवीतल्या त्या पातळ खोक्याचं मला कौतुक वाटत होतं.
निनाद फोनवर म्हणाला, आई, सगळं नेटवर येतं,
गच्चीवर ती थाळी कशाला?
त्याला काय सांगणार.
मालतीताईंना फुकटचं चॅनल लागतं,
पैसे भरून बघितलं की त्यांना मजा येत नाही.

रात्री पेटी आडवी केली.
स्क्रूंची डबी कपाटात तशीच होती,
झाकणावर निळ्या बॉलपेननं, वासुदेवच्या अक्षरात,
"लहान स्क्रू. सांडू नये."
एकही सांडला नाही.

आत खाच एकच.
आणि ती भरलेली.

दोन हजार सहाचं कार्ड,
पत्र्याची चपटी डबी, तांबूस पडलेली,
हिच्यात पूर्वी केबल यायची.
केबलवाल्यानं डिजिटल केलं त्या वर्षापासून
हिला नुसत्या मुंग्या दिसतात.
काढायला काय हरकत होती?
एक स्क्रू, एक चिमटा, संपलं.

पण त्या कार्डाला दुसरं भोक आहे.
त्यातून एक मीटरभर वायर निघते,
शोकेसमागून वर जाऊन
गजराच्या घड्याळाला उगीचच गुंडाळलेली,
आणि ती अजून रेडिओ पकडते.
रोज सहा वाजून पाच मिनिटांनी
पेटी आपली आपण उठते,
पंखा घरघरतो, खरखर, मग कोणीतरी हवामान सांगतं.
कुठल्या मेनूत लावून ठेवलंय ते मला सापडलं नाही.
फार शोधलंही नाही.

ब्रशनं धूळ झाडली.
झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी इम्तियाजनं बिल दाखवलं,
त्यावर शिक्का, माल परत घेतला जाणार नाही.
मी उभीच राहिले. मला घाई नव्हती.
शेवटी तो म्हणाला, "बसलं नाही का?"
"खाच एकच आहे."
"मग जुनं काढायचं, त्यात काय..."
आणि माझ्याकडे बघून त्यानं वाक्य तिथंच ठेवलं,
वरच्या फळीवरून डबा काढला,
बाराशे मोजून घेतले. सूट दिली नाही.

आता तो राउटरशेजारी असतो,
दोन हिरवे ठिपके, त्यातला एक लुकलुकणारा.
आतल्या खोलीत मालतीताई
गुडघ्याखाली उशी घेऊन टॅबवर बातम्या बघतात
आणि बातम्यांना उलट उत्तरं देतात.
हॉलमधली पेटी त्याच्याकडूनच चॅनल मागून घेते,
सेकंदभर उशिरा,
त्यामुळे एकच बातमी घरात दोनदा ऐकू येते.

परवा इम्तियाजचा फोन, सिग्नल किती दाखवतंय?
पंच्याहत्तर, म्हटलं.
"कमी आहे. पोरगा पाठवतो, डिश थोडी फिरवून देईल."
राहू दे, म्हटलं.
पुरतं.