दोन मिलिमीटर आत

पालथं झोपा, म्हणाल्या गांगुर्डे सिस्टर.
पोटाखाली उशी, पाठ उघडी,
कॅनडा कॉर्नरच्या तिसऱ्या मजल्यावर
एसी असा, की कुल्ले गारठले.

एकतीस वर्षं सातपूरला लेथवर.
उभा. डावा पाय पुढे, भार उजव्यावर.
आता त्याच उजव्यातून, कमरेपासून करंगळीपर्यंत
कुणीतरी तापलेली तार ओढतं,
नुसतं शिंकलो तरी.

डॉक्टर बेदमुथा माझ्याकडे बघत नाहीत,
स्क्रीनकडे बघतात. तिथे माझे मणके,
करडे, तयार जॉब रचून ठेवल्यासारखे.
"अजून दोन मिलिमीटर आत."
दोन! मी चादर दातांत धरून हसलो.
आमच्याकडे दोन मिलिमीटरला माल भंगारात जातो.

मग औषध उतरलं.
तीच तार, तीच वाट.
"इथंच दुखतं ना?"
"तिथंच."
"मग बरोबर बसलंय."
दुखण्याचा पत्ता सापडल्याचा एवढा आनंद
मी पहिल्यांदाच ऐकला.

गॅरंटी विचारली. कुणाला तीन महिने,
कुणाला वर्ष, कुणाला काहीच नाही.
आठवडाभर साखर वाढेल, गोळी चुकवू नका.

येताना रिक्षात गतिरोधक मोजले होते,
आयटीआय सिग्नलपासून सात,
प्रत्येकाला आई आठवली.
जाताना पाचच लागले.
उरलेले दोन कुठे गेले
ते मी शैलाला विचारलं नाही.
पाय जड, परका.
त्यावर हात ठेवून बसलो,
दुसऱ्या शिफ्टवाल्याचं काम
तासभर सांभाळायला दिल्यासारखा.