आयरनीला मराठीत काय म्हणतात

तिसऱ्या तासाला वीज जाते, हे वेळापत्रकात नाही,
पण शिपायासकट सगळ्यांना पाठ आहे.
मी फळ्यावर तीन शब्द लिहिते,
ॲलेगरी, सटायर, आयरनी,
आणि पंखा शेवटची गिरकी घेऊन थांबतो.

ॲलेगरी सोपी गेली.
तस्लीम उठून म्हणाली, "लेकी बोले सुने लागे,
तेच की मॅडम. फक्त हितं लेकीला लई वेळ बोलायचंय."
बीएडला, दोन उन्हाळी शिबिरांत
मला कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

सटायरला वेळ लागला.
शिवीत आन् त्याच्यात फरक काय, मागच्या बाकानं विचारलं.
मी म्हटलं, शिवी ज्याला दिली त्याला लगेच कळते.
मागचं बाक बराच वेळ गप्प,
बहुतेक आपल्या जुन्या शिव्या तपासून पाहत होतं.

आयरनीपाशी मात्र मीच अडले.
वक्रोक्ती? विरोधाभास? दैवाचा खेळ?
प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या मापाचं पोलकं,
एका बगलेत घट्ट, एका बगलेत ढगळ.
खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं,
"मॅडम, आपल्या नदीचं नाव दुधना हाय.
दिवाळीपासून आम्ही तिच्यात क्रिकेट खेळायलोत."

मी घरचा अभ्यास दिला: बोलायचं जनावरानं,
ऐकू जायचं माणसाला.

मुंजाजी रोकडेनं दीड पान लिहिलं,
स्पेलिंग देवाच्या भरवशावर.
जंगलात गाढवाचा सत्कार.
त्यानं जन्मात कोणाचं ओझं वाहिलेलं नाही,
म्हणून पाठ स्वच्छ, म्हणून शाल छान बसते.
भाषण चालू असताना ते गळ्यातला हार खातं.
मग दोन शब्द बोला म्हणतात, तर रेंकतं,
आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं:
मोलाचे मार्गदर्शन.

मी दहापैकी नऊ दिले
आणि वही कपाटात हजेरीपटाखाली ठेवली,
कारण आमच्या अध्यक्षसाहेबांचे
त्या एका महिन्यात सहा सत्कार झाले होते.

हेडसरांना गॅदरिंगसाठी इंग्रजीतलं काहीतरी हवं होतं.
कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडेही असते.

मुंजाजीनं वाचलं. एकेक वाक्य इंग्रजीत,
लगेच मराठीत, पालकांना कळावं म्हणून.
पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर अध्यक्षसाहेब
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.
मग हेडसरांकडे वाकून, "कोणाला म्हणायलाय हो हे पोरगं?"
हेडसर म्हणाले, "पलीकडच्या तालुक्यातल्यांना, साहेब."
"वाटलंच मला," असं म्हणून
त्यांनी एक शाल मागवली.

आता मंचावर मुंजाजी:
खांद्यावर शाल, हातात नारळ, गळ्यात झेंडूचा हार.
दहावी ब मध्ये कोणी हललं नाही.
मुलींच्या रांगेतून कोणीतरी अगदी बारीक रेंकलं.
(तस्लीमच. मी चौकशी केली नाही.)
मुंजाजीनं तिकडे पाहिलं नाही.
मान खाली घातली,
हारातली एक पाकळी दातांत धरली
आणि सावकाश चावू लागला.

सगळ्यात आधी टाळी वाजवली
अध्यक्षसाहेबांनी.

ती शाल आता त्याच्या आईच्या मिरची-कांडपाच्या
मोटरीवर असते, धूळ बसू नये म्हणून.
नारळाची चटणी दुसऱ्याच दिवशी झाली.
फोटो मात्र हेडसरांच्या खोलीत आहे:
मधोमध साहेब, कडेला मुंजाजी,
ओठावर पिवळा ठिपका, जो छपाईचा दोष वाटतो.
खाली ठळक अक्षरांत, गुणवंतांचा गौरव.

मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.
नव्या वर्गातलं कोणी विचारलंच,
तर मी म्हणते, खडू संपलेत वाटतं,
जा, हेडसरांच्या खोलीतून घेऊन ये,
आणि येताना जरा
भिंतीकडे बघ.