उघडी किटली

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत तळ्याचं पाणी
कोऱ्या चहाच्या रंगाचं.
दलदलीत शेकडो वर्षं भिजलेलं शेवाळ,
पानं, मेलेली मुळं,
सगळ्यांचा अर्क.

हेडली पार्डी पहाटे पंपघरात जातो,
क्लोरीनचा काटा बघतो, वहीत आकडा लिहितो.
हात धुतले तरी वास जात नाही.
बायको म्हणते, अंथरुणात तरणतलाव घेऊन येतोस.

तिमाही अहवाल आला.
मर्यादा शंभर. आपलं दोनशे चौदा.
क्लोरीन त्या पानांना भेटतं
आणि क्लोरोफॉर्म जन्मतं, त्याची सख्खी-चुलत भावंडं जन्मतात.
ना रंग, ना घाई.
वीस वर्षं, तीस वर्षं,
मूत्राशयात कुठेतरी,
कदाचित.

'कदाचित' म्हणजे किती?
फोनवरची बाई प्रामाणिक निघाली:
सांगता येत नाही, मिस्टर पार्डी.

मग बंद करू पंप?
टेकडीवर चर्चमागे एका ओळीत
पार्डींचीच पाच पोरं आहेत,
एकाच सप्टेंबरातली. टायफॉइड.
तीस वर्षांचा धोका
त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

आज जोलीन आलीय सेंट जॉन्सहून, सातवा महिना.
आल्या आल्या नळाखाली ग्लास धरला.
हेडली काही बोलला नाही.
तिच्या हातून ग्लास घेतला,
किटलीत ओतला,
झाकण काढून बाजूला ठेवलं,
खिडकी उघडली,
आणि मार्चचं वारं आत घुसलं तरी
पाणी खळखळून उकळेपर्यंत
तिथंच उभा राहिला.