गादीचा कापूस

मामंजी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी
दिरांनी गादी गुंडाळली, सुतळीनं आवळली,
म्हणाले, दुधनेच्या पात्रात टाकून येतो.
मी म्हटलं, राहू द्या. उद्या बघू.
उद्या कुणी बघितलं नाही.
चौदाव्या दिवशी ज्यानं त्यानं आपापली एसटी धरली.
सेलूच्या या दोन खोल्यांत उरलो आम्ही:
मी, शिलाई मशीन, आणि ती.

चार वर्षं ते तिच्यावर पडून होते.
खिडकीतून अंगणातली ज्वारी राखायचे,
हात हलत नव्हता तरी तोंडानं हुर्र करायचे,
चिमण्या तेवढ्या आवाजालाही भ्यायच्या नाहीत.
गादीत कमरेच्या जागी खड्डा.
त्यात तळहात ठेवला तर वाटायचं
आत्ताच कुणी पाणी प्यायला उठलंय.

गल्लीच्या तोंडाशी रहेमतबी नदाफ.
तिच्या सासऱ्याची पिंजणी भिंतीला, तात तुटलेली;
नंतर मशीन आलं, मग फोम आला, मशीनही गप.
मी खोळ उसवून कापूस नेला.
तिनं मूठभर नाकाशी धरला.
"गेलेल्या माणसाचा हाय ना?"
"हाव."
"मग उशी भरू नको कुणाची.
पण कापसाला कामून शिक्षा?"
तीन दिवस पत्र्यावर उन्हात घातला तिनं,
छडीनं झोडला, पैसे घेतले नाहीत,
मागचं एक परकर शिवून दे म्हणाली.

कांद्याची लाल जाळी भरली
आणि सीताफळाच्या फांदीला टांगली.
वर मशीनखालच्या दोऱ्यांचा गुंता, रंगीबेरंगी,
हौसेनं.
शेजारच्या यमुनाकाकू कुंपणावरून:
"काय टांगलीस गं बाई? करणीवानी दिसायलंय."

आठ दिवस कुणी फिरकलं नाही.
मग बुलबुल आला, जाळीकडे तिरपं बघितलं,
आणि तुळशीचं वाळकं मूळ घेऊन गेला.
मग चिमण्या. चोची भरभरून, मिशा फुटल्यासारख्या.

एका दुपारी तारेला एक चिमणी उलटी.
पायाला नायलॉनचा हिरवा दोरा, माझ्याच हातचा,
कुणाच्या तरी साडीच्या फॉलचा.
स्टुलावर चढून कापला.
पाय काडीएवढा, आणि केवढा गरम.
ती उडाली. मी स्टुलावरच बसले.
तीस वर्षं बायांची मापं घेतली मी,
हे माप कुणी सांगितलं नव्हतं:
दोरा सुती, लांबी चार बोटं, जास्त नाही.
सगळा गुंता चुलीत घातला.

शिंपी मात्र सगळ्यांत शेवटी आली.
आमच्याच धंद्यातली, म्हणून बारकाईनं बघितलं.
मोरीच्या पाण्यावरचं वांगं, त्याचं एक रुंद पान,
कडा कडेला आणलेली, भोकाला भोक.
गाठ मारत नाही ती.
टोक पिसून फुगवते, कापसाचा ठिपका करते,
तोच अडतो, तेच बटण.
इतकी वर्षं मी दातानं दोरे तोडले,
कुणी अशी टीप दाखवली असती
तर काही शिवणी उसवल्या नसत्या.
असो.

आत मामंजींचा कापूस,
मधोमध खड्डा, अंगठ्याएवढा.
बोट घालून बघायचा मोह झाला.
बघितलं नाही.
वांगी तोडायची बंद केली, एवढंच.
झाडावरच पिवळी पडली, काकू हळहळल्या.

रविवारी दिरांचा फोन आला.
ऊन, टँकर, पोरांचे निकाल,
आणि मग आठवल्यासारखं:
"वहिनी, ती गादी टाकली का हो शेवटी?"
जाळी खिडकीतून दिसत होती, निम्मी झालेली.
म्हटलं, जायलीय.
थोडी थोडी जायलीय.
"म्हंजे?"
मशीनवर ब्लाऊज होता, बाई दारात उभी होती,
मी फोन ठेवला.