मागून कोण?

वसमत रोडला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात
आम्ही सिमेंटवर हिरवा रंग मारला
आणि त्याला कोर्ट म्हणू लागलो.
सकाळी साडेपाच. पंखे बंद,
वाऱ्यानं शटल भरकटतं म्हणून.
पत्रे अजून कालचंच ऊन सोडत असतात.
वॉर्मअप म्हणजे
गाडी लावून आत येईपर्यंतची सतरा पावलं
आणि नाडी बांधताना आपोआप झालेलं वाकणं.

त्या दिवशी एकोणीस-वीस होतं.
मुंदडानं उंच टाकलं, नेहमीसारखं, माझ्या मागं.
मी सरकलो, उजवा पाय रोवला, उडालो,
म्हणजे उडणार होतो,
तेवढ्यात टाचेच्या वर
कुणीतरी सणसणीत लाथ घातली.
आवाज आला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा.

वळून ओरडलो, "काझी सर, काय करायलाव!"
सर जाळीपाशी होते, पार पुढं,
रॅकेट छातीशी धरून
वर्गात चोरीचा आळ आलेल्या पोरासारखे.
माझ्या मागं कुणीच नव्हतं.
भिंत होती, आणि भिंतीवर
जुन्या मालकानं रंगवलेलं : विडी-सिगारेट ओढू नये.

फिजिओथेरपीच्या दुधाटे मॅडम माझ्या पुतणीएवढ्या.
वय?
एकोणपन्नास. (लिहिताना त्यांनी वर बघितलं नाही, बरं वाटलं.)
रोज खेळता?
रोज. म्हणजे मार्चएंडचा दीड महिना सोडून.
मग शनिवार-रविवार तीन-तीन तास,
भरपाई.
बूट?
पळायचे. पोराचे. त्याला लहान झाले.
साखर?
चहात की रक्तात, असं विचारून मी हसलो.
एकटाच.
टाच आधी कधी दुखली होती?
इथं मी छताकडं बघितलं.
सहा महिने,
पलंगावरून उतरल्यावरची पहिली चार पावलं.
पाचव्याला विसरायचो.
"मग मागून कुणी नाही मारलं, काका,"
त्या लिहिता लिहिता म्हणाल्या,
"हे सहा महिने चालत येत होतं."

प्लास्टरचा पाय एका खुर्चीवर, मी दुसरीवर.
बसल्यावर दिसतं.
मुंदडा हल्ली डाव्या हातानं भांग पाडतो.
काझी सर फळ्याच्या वरच्या ओळी
उंच पोरांकडून लिहून घेतात. कोपर.
वैजयंताताई घरात कुणी नसलं की
जिना उलट्या उतरतात, हे त्यांनीच सांगितलं,
आणि लगेच म्हणाल्या, कुणाला बोलू नका.
(आता बोललो.)
दिगंबरच्या डोळ्यात लाल ठिपका आहे,
स्वतःच्याच पार्टनरच्या स्मॅशचा.
पीस मोडलेलं शटलसुद्धा आम्ही फेकत नाही,
डब्यात उलटं ठेवतो, सरावाला.
आणि सात वाजता सगळे एका सुरात :
एक शेवटचा.

अकरा आठवडे काझी सर मला स्कूटरवर आणतात.
चढताना माझी कुबडी धरतात आणि विचारतात,
"क्या मियाँ, लात किसकी निकली?"
आता मी पायरीच्या कडेला उभा राहून
टाचा वर करतो, खाली करतो.
सर मोजतात. बाराच्या पुढं
पाय थरथरायला लागतो तसे
ते मधला एखादा आकडा खातात.
मीही काही म्हणत नाही.

काल बँकेतला एक नवा पोरगा आला,
हेल्मेट काढलं आणि थेट उडी.
"अरे, थांब जरा," मी म्हणालो.
त्याला वाटलं, मला खेळायचंय.

मुंदडा अजून म्हणतो, तो गेम त्याचा.
मी म्हणतो, शटल पडलं कुठं, ते बघितलं कुणी?
सगळे माझ्याकडं बघत होते.
बाहेर गेलं असणार.
वीस-वीस धरा.