मानस

माटोळीला सुपारीचा घड बांधायला हात वर केले
आणि पाठीत कुणीतरी तापलेली तार ओढली,
वरून खाली.
घड मांडीवर पडला, एवढं आठवतं.

बांबोळीला म्हणाले, कण्यात रक्त सांडलंय.
कुठली शीर, का, ते सापडलं नाही.
एकवीस दिवस मान लाकडाची, उजेड नकोसा,
सुलक्षा डोळ्यांवर ओला पंचा घालायची.
रक्त आपोआप विरेल, म्हणाले.
विरलं.
तुळशीच्या लग्नाला ऊस मीच रोवला.

फेब्रुवारीत चोडणच्या फेरीतून उतरलो
तेव्हा डावी चप्पल धक्क्यावरच राहिली.
मला कळलं ते घरी, पायरीवर,
सुलक्षाने विचारल्यावर.
पाय होता. त्याच्याकडून निरोप येत नव्हता.

डॉक्टर कार्व्हालो फिल्म उजेडाला धरतात.
मज्जेभोवती एक पडदा असतो, कोळ्याच्या जाळ्याइतका पातळ.
सांडलेलं रक्त तो जागोजाग डकवून जातं,
मग डकल्या जागेमागे पाणी अडतं, फुगतं.
"तीन," त्या पेन्सिलीने दाखवतात.
तीन पांढरी तळी, आणि मज्जा कडेला सरकलेली,
अरुंद वाटेवर गुरं आली की
आपण कुंपणाला चिकटतो, तशी.

हे मला माहीत होतं.
बाप मानशीकार.
आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे,
बांधातली लाकडी दारं,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी.
बांध फुटला त्या वर्षी गावाने
दोन रात्रींत चिखल लोटून तो उभा केला
आणि गाव झोपायला गेला.
बाप तिथेच उभा. "उदक वता, मीठ उरता."
पुढे दोन वर्षं खाजनात डबकी राहिली,
एक उपसलं की शेजारी दुसरं,
भोवतीचं भात पिवळं, मग तेही नाही.

उघडू, म्हणतात डॉक्टर, झरोके पाडू, पाणी वाहतं करू.
परत साचणार नाही ना?
त्या पेन्सिल खिशात ठेवतात.
"सांगता येत नाही."
बापाचं बोलणंही असंच, तोकडं.
फी मात्र तो घेत नसे.

सोमवारी दाखल व्हायचंय.
सुलक्षा माझा अंगठा चिमटीत धरते,
हॉस्पिटलात पाहून शिकली ती हे.
डोळे मीट. सांग, वर की खाली?
खाडीला ओहोटी लागलीय, वास येतो चिखलाचा.
वर, मी म्हणतो.
ती जरा थांबते.
"परत," म्हणते.