दस्ता डावीकडे

उजव्या डोळ्यात काचबिंदू शिरला तेव्हा
लातूरचे डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, उरलं ते जपा.
उरला डावा.
पण बंदूक उजव्याची.
दुनळी, आबांच्याही आधीची,
अक्रोडाचा दस्ता कुणाच्यातरी उजव्या गालासाठी कललेला.
बासष्टाव्या वर्षी डाव्या खांद्याला लावली
की ती मान फिरवते,
सोयरीक न पटलेल्या पोरीसारखी.

आधी नांदेडला गेलो.
काचेचं दुकान. पोरगा मोबाइलमधून मान न काढता म्हणाला,
काका, दस्ता नवाच टाकू, फायबरचा,
नळ्यांना निकेल मारतो, फोटो चांगला येतो.

परभणीचा मिस्त्री हुशार. हाताला सफाई.
त्यानं टेप काढला, बंदूक मोजली,
मला नाही मोजलं.
इथून कापू, इथं जोडू, संध्याकाळी घेऊन जा.
नळ्यांवरचं जोहर,
पाणी ओसरल्यावर वाळूवर राहते ना, तशी नक्षी,
ती त्याला गंज वाटली.
घासून घालवतो म्हणाला.
मी बंदूक गोधडीत गुंडाळली.
एसटीत शेजारची बाई म्हणाली, तंबोरा का?
म्हटलं, हो. सूर बिघडलाय.

उदगीरला लाडलेसाब शिकलगार.
किल्ल्याच्या वाटेवर, विळे-अडकित्त्यांना धार लावायचं दुकान,
आतल्या भिंतीवर बंदुकीचं लायसन्स, काचेवर माश्यांचे ठिपके.
त्यांनी गोधडी सोडलीच नाही आधी.
"दरवाजे की फट में से कौनसे आँख से झाँकते जी?"
मी हसलो.
मग खरंच आठवून पाहिलं.

नळ्या सोडवल्या, सुतळीला टांगल्या,
नखानं टिचकी.
नाद लांबत गेला, शेवटाला जरा खरखरला.
"डाव्या नळीचा झाळ सुटत आलाय.
आजची जहाल काडतुसं हिला सोसायची नाहीत.
आणि दस्ता मी कापत नसतो.
जवसाचं तेल कढवायचं, फडकी भिजवून बांधायची,
लाकूड ऐकायला लागलं की दाबायचं. थोडं.
एका दिवसात ऐकत नसतं."
मोडला तर?
"मोडला तर मोडला. आधीच सांगतो."

नांदेडला, परभणीला
मोडण्याचं नावच कुणी काढलं नव्हतं.

मग बंदूक जोडली, उघडीच ठेवली,
दोन्ही नळ्यांतून आभाळ पाहिलं.
मला पाहायला लावलं.
पुन्हा लावलं. करंगळी घालून बघ म्हणाले.
मिटून माझ्या हातात दिली
आणि सात पावलांवर स्टुलावर जाऊन बसले,
चष्मा काढून.
"डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा.
मेरी आँख पे."

आयुष्यात बंदुकीची एकच गोष्ट नीट शिकलो होतो,
रिकामी असो, भरलेली असो, माणसाकडं नाही.
आबांनी त्यासाठी एकदा कानफटात दिली होती,
पाहुण्यांसमोर.
हात वर जाईना.

"व्यंकटराव, पट्टीच्या टोकावर मला तुमचं बुबुळ दिसलं पाहिजे.
नाही दिसलं तर किती वाकवू, हे मला कोण सांगणार?"

बाहेर कुणीतरी विळा घेऊन आलं होतं.
आमच्याकडं बघून मागं सरकलं.

मी उचलली.
टोकाला पितळेची माशी, तिच्यापलीकडं
सुरमा घातलेला एक म्हातारा डोळा.
लवला नाही.

"बोटभर," ते म्हणाले. "बोटभर डावीकडे. और जरासा नीचे."
खडूनं दस्त्यावर रेघ ओढली.
पैशांचं दोघंही बोललो नाही.
परवान्याची झेरॉक्स तेवढी ठेवून घेतली.

परतीच्या एसटीत गोधडी मांडीवर, घडी केलेली.
खिडकीतून अंगठा धरून पाहत होतो,
बाभळ, टॉवर, साखर कारखान्याचं धुराडं.
डाव्यानं.
अंगठा अजून जागेवर राहत नाही.